बुलसारांचा फरोख

सुरतहून मुंबईकडे निघालेली गाडी नवसारी, बिलिमोरा मागे टाकत तासाभरात वलसाडला पोहोचते. अंतर सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. आपल्यापैकी अनेकांनी हे स्टेशन खिडकीतून शेकडो वेळा पाहिले असेल. इंग्रजांच्या काळात या गावाला बुलसर म्हणत आणि या गावावरून आडनाव लावणारी पारशी घराणी बुलसारा म्हणून ओळखली जात. पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या अशाच एका बुलसारा घराण्यात एक मुलगा जन्मला. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखते. क्वीन या इंग्लिश रॉक बॅन्डचा तो मुख्य गायक होता.

दरवर्षी स्मरणिकेत आपण संतांची, समाजसुधारकांची, नाटककारांची चरित्रे वाचतो. गणेशोत्सवाच्या अंकात रॉक गायक कशाला, असे काही ज्येष्ठांना वाटेल. त्यांची शंका रास्त आहे. आमच्या गोडादऱ्यातल्या बहुतेक घरांत रॉक म्हणजे गोंगाट अशीच समजूत आहे. खानदेशातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी कान तयार केले ते अभंगांवर, भावगीतांवर, अहिराणी लग्नगीतांवर आणि रेडिओवरच्या जुन्या हिंदी गाण्यांवर. पण ज्यांना रॉक मुळीच आवडत नाही, त्यांनाही फ्रेडीची गाणी आवडतात, असे जगभर घडले आहे. ते कसे घडले, हे त्याच्या आयुष्यातच शोधावे लागते. शिवाय त्या आयुष्यातली काही महत्त्वाची वर्षे आपल्या सातारा जिल्ह्यात गेली आहेत.

फरोख बुलसाराचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांजिबार बेटावर झाला. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. आईचे नाव जेर. धाकटी बहीण काश्मिरा. घर सुखवस्तू, धर्माचरण पारशी. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीने भारतात पाठवले. पांचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये, वसतिगृहात.

आठ वर्षांचे मूल हजारो किलोमीटर दूर ठेवायचे, हा निर्णय आईला किती जड गेला असेल, ते आपल्याला सांगायला नको. आपल्यातही अनेकांनी शाळेसाठी मुले गावी आजीकडे ठेवली आहेत, किंवा गावाकडची मुले सुरतेला आणली आहेत. पुढची आठेक वर्षे फरोख पांचगणीत राहिला. बहुतेक सुट्ट्या मुंबईत नातेवाइकांकडे जात. सह्याद्रीतला पाऊस, टेबल लँडचे पठार, खाली पसरलेले कृष्णेचे खोरे, हे त्याचे बालपण. शाळेतली मुले त्याला फ्रेडी म्हणू लागली आणि घरानेही पुढे तेच नाव उचलले. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत. मुलांनी त्यावरूनही टोपणनाव ठेवले होते. मोठेपणी भरपूर पैसा आल्यावरही त्याने ते दात काढले नाहीत. जबड्याची ठेवण बदलली तर आवाज बदलेल, अशी त्याला धास्ती होती.

पांचगणीत तो पियानो शिकला. शाळेच्या गायनवृंदात गायला, टेबल टेनिस उत्तम खेळला. बाराव्या वर्षी पाच मुलांनी मिळून हेक्टिक्स नावाचा बॅन्ड काढला. लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची त्या काळी गाजणारी गाणी ही मुले वाजवत. गमतीची गोष्ट अशी की त्या बॅन्डचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, दुसराच एक मुलगा होता. फ्रेडी पियानोवर बसे आणि मागून साथ करी.

पांचगणीचा घाट वाईकडून चढतो तिथे पायथ्याशी पसरणी गाव आहे. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. डोंगरावरच्या इंग्रजी शाळेतला मुलगा आणि पायथ्याच्या गावचा शाहीर यांची कधी गाठ पडली, असे कोणी म्हणणार नाही. तरी ही दोन नावे शेजारी ठेवावीशी वाटतात. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती झेलतात, सूर वर नेतात आणि समोरची मंडळी ताल धरतात. गाणे एकट्या गाणाऱ्याचे राहत नाही. फ्रेडीने पुढे लाखोंच्या मैदानांत जे केले ते समजायला आपल्याला पोवाड्याइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

1963 मध्ये फ्रेडी झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1964 मध्ये, तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली गेली, अरब आणि भारतीय वंशाचे अनेक लोक मारले गेले. बुलसारा कुटुंबाने जीव वाचवण्यासाठी बेट सोडले आणि लंडनजवळ फेल्थम या उपनगरात आसरा घेतला. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता. झांजिबारमधले सुखवस्तू घर सुटले, इंग्लंडात सामान्य वस्तीत नव्याने सुरुवात झाली. कामाच्या शोधात घर बदलणे वेगळे आणि जीव मुठीत धरून बदलणे वेगळे. पण परक्या गावात आईवडिलांनी काटकसर करायची आणि मुलाने तिथल्या मुलांसारखे दिसण्याची धडपड करायची, हा भाग आपल्या ओळखीचा आहे.

तो चित्रकला शिकला. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून 1969 मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. पोटासाठी केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले, हीथ्रो विमानतळावर सामान उचलले. या काळात तो एकदोन बॅन्डमध्ये गायला. 1970 मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने नवा बॅन्ड सुरू केला आणि त्याचे नाव क्वीन ठेवले. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. त्याने वडिलांच्या मदतीने घरीच जुन्या शेकोटीच्या लाकडातून स्वतःची गिटार बनवली होती, आणि आयुष्यभर तीच वाजवली. बॅन्डचे बोधचिन्ह फ्रेडीनेच काढले. चौघांच्या राशींची चिन्हे आणि वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी.

याच सुमारास त्याने बुलसारा आडनाव टाकले आणि मर्क्युरी हे नाव घेतले. मर्क्युरी म्हणजे बुध. फरोख गेला, बुलसर गेले. मुलाखतींमध्ये तो झांजिबार आणि पांचगणीबद्दल फारसे बोलत नसे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये आशियाई माणसांना रस्त्यात अपमान सहन करावे लागत. अशा वेळी एका तरुण गायकाने मूळ झाकले, यात नवल नाही. तरीही त्याचे आईवडील फेल्थममध्ये बुलसारा म्हणूनच राहिले, आणि मुलगा कीर्तीच्या शिखरावर असतानाही त्यांच्याकडे जेवायला जात राहिला.

आता त्याच्या संगीताकडे वळू. रॉक म्हणजे ढोबळमानाने गिटार, ड्रम आणि मोठा आवाज. फ्रेडीला हे सारे आवडत होतेच, पण त्याचे कान तेवढ्यावर थांबले नव्हते. ऑपेरा, चर्चमधली समूहगीते, जुन्या इंग्लिश नाटकगृहांतली हलकीफुलकी गाणी, अमेरिकन कृष्णवर्णीयांचे भक्तिसंगीत, असे सगळे तो ऐके. 1976 च्या 'समबडी टू लव्ह' या गाण्यामागे अरेथा फ्रँकलिन या गायिकेची प्रेरणा होती. चर्चमधला मोठा गायनवृंद गातो आहे असे ते ऐकताना वाटते. प्रत्यक्षात फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचे आवाज पुन्हापुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले आहेत.

या कामाची कमाल झाली ती 1975 च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त. गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे. त्याला ध्रुवपद नाही. आधी फक्त आवाज, मग पियानोवरचे संथ गाणे, त्यात एक मुलगा आपल्या हातून खून झाल्याचे आईला सांगतो. मग गिटार, मग एकाएकी ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ऑपेराच्या भागात इटालियन नाटकांतली नावे येतात, एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव येते आणि मुसलमान बांधव कामाच्या आरंभी उच्चारतात तो शब्दही येतो. आपण श्रीगणेशा म्हणतो, तसा. तेवढ्या एका भागाला सुमारे तीन आठवडे लागले. त्या काळी संगणक नव्हता. चोवीस पट्ट्यांच्या टेपवर आवाज चढवत जायचे, जागा संपली की सगळे एकत्र करून पुन्हा जागा करायची. टेप इतकी वेळा फिरली की उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसू लागली, अशी आठवण वादकांनी सांगितली आहे.

एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, असे जाणकार सांगत होते. पण लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारी ते चौदा वेळा वाजवले. लोक दुकानांत विचारू लागले. पुढे ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. संगीत नाटकाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे गाणे परके वाटू नये. गद्यातून पदात, पदातून पुन्हा प्रसंगात, करुणातून एकदम विनोदात जाणे आपल्या रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वीच केले आहे. गाण्यात गोष्ट असली आणि गोष्टीत आई असली की भाषा पुरती कळली नाही तरी माणूस थांबून ऐकतो.

चौघेही गाणी लिहीत, त्यामुळे क्वीनची गाणी एका साच्याची झाली नाहीत. फ्रेडीने एल्विस प्रेस्लीच्या ढंगाचे एक झटपट गाणे केले, डीकनने नाचाच्या ठेक्याचे केले आणि 1980 मध्ये ही दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मैफलीत लोकच आपल्याबरोबर गातात हे पाहून 1977 मध्ये दोन गाणी मुद्दाम लोकांसाठी बांधली गेली. 'वी विल रॉक यू' मे याचे, 'वी आर द चॅम्पियन्स' फ्रेडीचे. पहिल्यात जवळजवळ शेवटपर्यंत वाद्यच नाही. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी वाजवायची. ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही, इंग्रजीही येत नाही, त्यालाही यात काम आहे. म्हणून तर आज जगभरच्या खेळाच्या मैदानांवर तो ठेका ऐकू येतो. लेझीम आणि ढोलताशाच्या पथकात नवख्या पोरालाही असेच काम मिळते.

1985 च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये रॉक इन रिओ महोत्सव झाला. तिथली भाषा पोर्तुगीज. फ्रेडीने 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे संथ प्रेमगीत सुरू केले आणि समोरच्या अफाट गर्दीने ते उचलून धरले. तो थांबून ऐकत राहिला. त्याच वर्षी 13 जुलैला, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर लाइव्ह एड हा कार्यक्रम झाला. सुमारे 72,000 श्रोते मैदानात होते आणि उपग्रहावरून जगभर प्रक्षेपण चालू होते. क्वीनला मिळाली वीसेक मिनिटे. लोक आपले एकट्याचे गाणे ऐकायला आलेले नाहीत हे ओळखून बॅन्डने त्या वीस मिनिटांची कसून तालीम केली होती. मध्ये फ्रेडीने शब्द सोडून नुसते स्वर घेतले. त्याने एक हरकत घ्यायची, सगळ्या मैदानाने ती परत द्यायची, मग त्याने अवघड करायची. त्या दिवशी मैदानात सगळेच झीलकरी होते.

चरित्र म्हणजे आरती नव्हे, म्हणून उणी बाजूही सांगायला हवी. 1984 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट होती, जगभरच्या कलावंतांनी तिथे न जाण्याचे ठरवले होते. तरी क्वीनने तिथल्या सन सिटीत कार्यक्रम केले. त्याबद्दल ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला आणि टीकाही खूप झाली. स्वतः आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या, वंशाच्या नावावर घर सोडावे लागलेल्या माणसाच्या बॅन्डकडून हे घडावे, याची खंत वाटते.

फ्रेडीला ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्या आवाजाचे वेड होते. 1983 मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये त्याने त्यांना ऐकले होते. 1987 मध्ये त्यांची भेट झाली, 'बार्सिलोना' हे गाणे झाले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाचा संपूर्ण अल्बम आला. रॉकवाल्यांना वाटले हा बिघडला, ऑपेरावाल्यांना वाटले त्या घसरल्या. ज्यांनी नुसते ऐकले त्यांना दोन खरे आवाज एकमेकांना मान देताना ऐकू आले. आपल्याकडे 1985 मध्ये पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांनी एकत्र भजने गायली होती. दोन वेगळ्या घरांतले आवाज एका अंगणात आले की काय होते, ते त्या ध्वनिमुद्रिकेमुळे आपल्या पिढीला ठाऊक आहे. 'बार्सिलोना' पुढे 1992 च्या ऑलिम्पिकच्या वेळी जगभर वाजले. ते ऐकायला फ्रेडी राहिला नव्हता.

1987 मध्येच त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. त्या काळी या रोगाचे नाव घेणेही लोक टाळत. औषधे जवळजवळ नव्हती. फ्रेडीचे खासगी आयुष्य हा वर्तमानपत्रांचा खुराक होता. तरुणपणी मेरी ऑस्टिन हिच्याबरोबर तो अनेक वर्षे राहिला. पुढे त्याचे प्रेम पुरुषांवर आहे हे त्याने तिला सांगितले, तरी मैत्री शेवटपर्यंत टिकली आणि त्याने आपले घर तिच्याच नावे केले. अखेरच्या वर्षांत जिम हटन हा त्याचा साथीदार होता, त्यानेच त्याची शुश्रूषा केली. आजाराबद्दल फ्रेडीने जवळच्या मोजक्या माणसांनाच सांगितले आणि गात राहिला. उभे राहणे कठीण झाले तरी 1991 च्या मे महिन्यापर्यंत स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. त्या अखेरच्या मुद्रणांतल्या एका गाण्याचे नाव 'मदर लव्ह' आहे.

23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. दुसऱ्या दिवशी, 24 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, लंडनच्या घरी त्याचे निधन झाले. वय पंचेचाळीस. अंत्यविधी 27 नोव्हेंबरला झाला. जमलेल्या मोजक्या माणसांत रॉक आणि पॉप संगीतातले नामवंत होते, पण विधी केले ते पारशी धर्मगुरूंनी, अवेस्ता भाषेतल्या प्रार्थनांनी. ज्या श्रद्धेचा उदवाड्याचा पवित्र अग्नी आपल्या वलसाड जिल्ह्यात तेवतो, तिच्याच प्रार्थना. त्याने नाव बदलले होते, मूळ झाकले होते. बोमी आणि जेर यांनी मात्र आपल्या फरोखला आपल्या घराच्या रीतीने निरोप दिला. पुढे 20 एप्रिल 1992 रोजी वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. त्यातून उभा राहिलेला मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट आजही एड्सविरोधी कामाला मदत करतो.

परगावी तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना एक धाक कायम असतो. मुले भाषा विसरतील, नाव बदलतील, भलतेच काही ऐकत बसतील आणि आपली राहणार नाहीत. गोडादऱ्यात हा विषय दर उत्सवात निघतो. मिरवणुकीत काय वाजावे यावरून वाद होतात, घरात इअरफोनवरून होतात. फ्रेडीच्या आयुष्यात या धाकाचे सोपे उत्तर नाही. त्याने खरेच बरेच काही सोडले, आणि त्याचे दुःख घरच्यांना झालेच नसेल असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याने जे गायले ते एका घरात शिकलेल्या माणसाला सुचले नसते. झांजिबारचे बंदर, पांचगणीचा पियानो, चर्चमधली गाणी, लंडनचा बाजार, हे सगळे त्याच्या गाण्यात आहे. रॉक न आवडणाऱ्यांनाही तो जवळचा वाटतो त्याचे कारण हेच असावे. प्रत्येकाला त्यात आपल्या घरचे थोडे काहीतरी सापडते.

2018 साली आलेल्या चित्रपटामुळे आपल्याकडच्या मुलांना फ्रेडी ठाऊक झाला आहे. आजीआजोबांना त्याची ओळख करून द्यायची असेल, तर मुलांना आमची एक सूचना आहे. दणदणीत गाण्यांपासून सुरुवात करू नका. आधी 'लव्ह ऑफ माय लाइफ' ऐकवा, मग 'समबडी टू लव्ह', मग 'बार्सिलोना', आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सर्वांत शेवटी. आवाज बेताचा ठेवा. आणि गाणे संपल्यावर आजीने तिचा आवडता अभंग लावायला सांगितला, तर तोही उठून न जाता ऐका.

गणपती बाप्पा मोरया!